तीस पौंडांचा आवाज

जानेवारी १९७३ मधील एका रविवारी सायंकाळी क्लेअर टोरी ही २५ वर्षांची गायिका लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत दाखल झाली. 'पिंक फ्लॉइड' या रॉक बँडच्या नव्या अल्बममधील एका तुकड्यासाठी तिला पाचारण करण्यात आले होते. तिच्या हाती ना शब्द होते, ना स्वरलिपी. ती काही वेळ गायली, आपल्याला ते नीट साधले नाही अशी तिने समजूत करून घेतली आणि रविवारच्या दुप्पट दराने ३० पौंडांचे मानधन घेऊन ती परतली. आपले गायन अल्बममध्ये घेतले गेले आहे, हे तिला कळले ते रेकॉर्डच्या दुकानात वेष्टनावर स्वतःचे नाव दिसल्यावर. 'द डार्क साइड ऑफ द मून' हाच तो अल्बम. त्या ३० पौंडांचा हिशेब पुरा होण्यास पुढे ३२ वर्षे लागली.

गाणी आधी रचली जातात आणि स्टुडिओत ती केवळ मुद्रित होतात, असा सर्वसाधारण समज आहे. रॉक संगीताच्या बाबतीत तो अपुरा आहे. रचना कोठे संपते आणि ध्वनिमुद्रण कोठे सुरू होते, ही सीमारेषा तेथे अनेकदा पुसट होते. टोरी यांचा वाद समजून घ्यायचा, तर हा अल्बम कसा घडला ते पाहावे लागते.

आधी रंगमंच, मग स्टुडिओ

रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे बँडचे चार सदस्य. १९७१ च्या अखेरीस मेसन यांच्या लंडनमधील घरी झालेल्या बैठकीत वॉटर्स यांनी कल्पना मांडली की, माणसाला आतून पोखरणाऱ्या दडपणांवर संपूर्ण अल्बम बेतावा. काळ, पैसा, मृत्यू, वेड हे त्याचे विषय ठरले. सर्व गीते एकट्या वॉटर्स यांनी लिहिण्याची बँडची ही पहिलीच वेळ होती.

ध्वनिमुद्रणाआधीच ही गाणी श्रोत्यांसमोर आली. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटन येथे पहिला प्रयोग झाला, परंतु तांत्रिक बिघाडामुळे तो मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी पोर्ट्समथ येथे संपूर्ण रचना सादर झाली. पुढे कार्यक्रमागणिक तिची काटछाट होत गेली. अल्बम बाजारात येण्यापूर्वीच या कार्यक्रमांची चोरटी ध्वनिमुद्रणे विकली जाऊ लागली होती.

फितीवरचे लेखन

१९७२ च्या उन्हाळ्यात काम ॲबे रोडला आले आणि रचनेचा दुसरा अध्याय सुरू झाला. १६ ट्रॅकच्या यंत्रामुळे एकावर एक आवाज स्वतंत्रपणे चढविता येत होते. 'मनी' या गाण्याच्या आरंभी नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याचे यंत्र यांचे आवाज ऐकू येतात. हे आवाज मुद्रित केलेल्या फितीचे तुकडे मोजून कापण्यात आले, ते जोडून एक सलग वेटोळे बनविण्यात आले आणि त्याच्या आवर्तनावर गाणे उभे राहिले. त्याचा ठेका सात मात्रांचा आहे. रूपक तालाशी परिचित असलेल्या कानांना तो परका वाटू नये. रॉक संगीतात मात्र तो विरळाच. गिटारचा एकल भाग येताच हे गाणे चार मात्रांवर उतरते.

'टाइम'च्या आरंभीचे घड्याळांचे ठोके ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात वेगळ्याच कारणासाठी मुद्रित केले होते. पार्सन्स हे ई.एम.आय. कंपनीचे पगारी ध्वनिमुद्रक. रंगमंचावर गिटारवर वाजणारा एक भाग पूर्णतः रद्द होऊन त्याच्या जागी सिंथेसायझरवरील 'ऑन द रन' आले. वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतील माणसांची उत्तरे मुद्रित केली. पॉल मॅकार्टनी यांचे उत्तर वगळले गेले, तर स्टुडिओच्या दरवानाचे बोलणे अल्बमच्या अखेरीस अजरामर झाले.

मृत्यूविषयक तुकड्याचेही असेच झाले. कार्यक्रमांत तो ऑर्गनवर वाजे आणि त्यासोबत बायबलमधील वचने ऐकविली जात. स्टुडिओत राइट यांनी पियानोवर त्याची स्वरसंगती पक्की केली, तथापि काहीतरी उणे भासत होते. म्हणून टोरी यांना बोलावणे गेले. शब्द नकोत, एवढीच काय ती स्पष्ट सूचना होती. आपला गळा हे जणू एक वाद्य आहे असे मानून त्या गायल्या. त्यांच्या मोजक्या प्रयत्नांतील उत्तम भाग जोडून 'द ग्रेट गिग इन द स्काय' सिद्ध झाले.

रचनाकार कोण?

मार्च १९७३ मध्ये अल्बम प्रकाशित झाला. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे राहिला. त्याच्या साडेचार कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज आहे. टोरी यांचे नाव वेष्टनावर होते ते गायिका म्हणून. रचनाकार म्हणून केवळ राइट यांचा उल्लेख होता.

हा भेद निव्वळ मानाचा नाही. मुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र हक्क असतात : एक रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. रचनाकाराला विक्री आणि प्रक्षेपण यांतून वर्षानुवर्षे रॉयल्टी मिळत राहते. त्या काळच्या प्रथेनुसार बाहेरून बोलावलेल्या गायकाचा व्यवहार मात्र एकदाच्या मानधनावर संपत असे. प्रश्न असा की, जिची चाल कोणीच आधी बांधली नव्हती, ती गाणारी व्यक्ती केवळ गायिका कशी?

२००४ मध्ये टोरी यांनी बँड आणि ई.एम.आय. यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. स्वरसंगती राइट यांची असली, तरी तिच्यावरील गायनाची रचना आपलीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तिच्या आर्थिक अटी जाहीर झाल्या नाहीत, परंतु सहरचनाकार म्हणून टोरी यांचे नाव मान्य झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंक फ्लॉइडने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीला विकले. व्यवहार सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. गीतरचनेचे हक्क मात्र त्यात समाविष्ट नव्हते. रचनाकार ठरण्याचे मोल यावरून ध्यानात यावे. तडजोडीनंतरच्या आवृत्त्यांवर या गाण्यापुढे राइट आणि टोरी अशी दोन नावे छापली जातात. राइट यांचे २००८ मध्ये निधन झाले. त्या रविवारचा आवाज मात्र आज दोघांच्या नावे वाजतो.