दारू सोडवायची गोळी चोरून देऊ नका

भवानी पेठ, सोलापूर : "चहातून गोळी द्या, त्याला कळू देऊ नका," असा सल्ला गावोगाव ऐकू येतो. तो जिवावर बेततो. १९४८ साली डेन्मार्कमधून पुढे आलेली डायसल्फिराम ही गोळी तल्लफ मारत नाही, धाक घालते. वर दारू प्यायली की अंगात विषारी द्रव्य साठतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. हृदय कमजोर असलेला दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

मग उपयोग कुणाला? ज्याला स्वतःला सोडायची आहे, त्याला. सरपंच, पोलीस पाटलांनी अशा माणसाला सिव्हिलच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. यकृत, हृदय तपासून, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तासांनी गोळी सुरू होते. पुढे रोज घरच्यांसमोरच घ्यावी.