उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत : साथीच्या काळातील विमानप्रवास आणि ज्येष्ठांची काळजी

१८ मार्च २०२० रोजी मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या गरीबरथ एक्स्प्रेसमधून चार प्रवाशांना पालघर स्थानकावर उतरवण्यात आले. ते जर्मनीहून विमानाने मुंबईत आले होते आणि पुढे सुरतला जाण्यासाठी रेल्वेत बसले होते. त्यांच्या हातांवर गृहविलगीकरणाचे शिक्के होते. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने असा शिक्का मारण्याचा निर्णय राज्य शासनाने नुकताच घेतला होता. सहप्रवाशांना ते शिक्के दिसले आणि गाडीत एकच खळबळ उडाली.

त्या घटनेने पालघरकरांना एक गोष्ट फार लवकर दाखवून दिली. विमानप्रवास विमानतळावर संपत नाही. तो पुढे रेल्वेच्या डब्यात, रिक्षात, इमारतीच्या जिन्यात आणि अखेर घरातील आजी-आजोबांच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच साथीच्या काळात प्रवासाची सुरक्षितता मोजायची, तर ती घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतच मोजली पाहिजे.

आकाश खुले, रस्ता बंद

मार्च २०२०च्या चौथ्या आठवड्यात आधी आंतरराष्ट्रीय आणि मग, २५ मार्चपासून, देशांतर्गत प्रवासी उड्डाणे थांबली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली. मुंबईला मात्र आरंभी दिवसाला केवळ २५ उड्डाणे आणि २५ आगमने यांचीच मुभा होती. साहजिकच, हाती तिकीट असलेल्या अनेकांची उड्डाणे ऐन वेळी रद्द झाली किंवा पुढे ढकलली गेली.

बोईसर-तारापूरच्या रहिवाशांसमोर त्याहून वेगळीच अडचण होती. विमाने सुरू झाली तेव्हा उपनगरी रेल्वे बंदच होती. १५ जूनला ती सुरू झाली, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना मर्यादित वेळांत लोकलने जाण्याची मुभा १ फेब्रुवारी २०२१ पासून मिळाली. जिल्हा ओलांडायचा तर ई-पास लागे. बोईसरहून मनोरमार्गे महामार्गाने मुंबई विमानतळ सुमारे शंभर किलोमीटरवर. एरवीही अडीच-तीन तास लागतात, आणि वर्सोवा पुलावर वाहने तुंबली तर त्याला हिशेबच नाही. त्यात उड्डाणाच्या किमान दोन तास आधी हजर राहण्याचा नियम होता, पण चार तासांच्या आत उड्डाण असल्याखेरीज इमारतीत प्रवेश नव्हता. म्हणजे लवकर पोहोचलेल्या वृद्धाला बाहेर ताटकळावे लागे आणि उशीर झालेल्याचे विमान चुके.

अशा वेळी उड्डाणाची वेळ तीन तासांनी बदलणे, ही तरुणासाठी केवळ गैरसोय असते. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्या सत्तरीतील प्रवाशासाठी मात्र तो जेवणाच्या, गोळ्यांच्या आणि झोपेच्या साऱ्या घडीचा बिघाड असतो.

बदललेली वेळ आणि बिघडलेले औषध

मे २०२० मध्ये विमाने सुरू झाली तेव्हा विमानात जेवण मिळत नव्हते. पाण्याची बाटली तेवढी ठेवलेली असे. ऑगस्टअखेर जेवणाला परवानगी मिळाली, तर एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांहून कमी उड्डाणांत ते पुन्हा बंद झाले. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने औषध घ्यावे आणि अन्न मात्र लांबावे, यासारखा धोका नाही. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे गर्दीत ‘प्रवासाचा शीण’ म्हणून दुर्लक्षिली जातात.

यावर उपाय साधा आहे. घरातून निघताना औषधांची वेळ घड्याळाशी बांधावी, उड्डाणाशी नव्हे. विमान उशिरा सुटणार असे कळले, तरी न्याहारी व त्यासोबतची गोळी नेहमीच्या वेळीच व्हावी. हाताशी ग्लुकोजची पुडी वा साखर ठेवावी. औषधे नेहमी हातातील पिशवीत असावीत, मोठ्या सामानात कधीही नसावीत; आणि ती ठरलेल्या मुक्कामाहून निदान आठवडाभर अधिक पुरतील इतकी घ्यावीत, कारण परतीचे विमान कधी मिळेल याची साथीच्या काळात शाश्वती नसते. औषधचिठ्ठीची प्रत सोबत हवी. परदेशी जाताना तेथील वेळेनुसार इन्सुलिनचे वेळापत्रक कसे बदलायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पुष्कळ ज्येष्ठ पाणी कमी पितात, काही जण लघवी वाढवणारी गोळीही परस्पर टाळतात. दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळले आहे. मग तो प्रवास विमानाचा असो वा मोटारीचा. बोईसरहून निघालेल्या माणसाचे हे तास मोटारीतच मोजायला सुरुवात होते, हे ध्यानात ठेवावे. वाटेत एकदा थांबून चार पावले चालावे, विमानात बसल्या जागी घोटे फिरवावेत.

विमानातील हवा

विमानाच्या बंद डब्यात विषाणू कोंडून राहत असेल, ही भीती स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मोठ्या प्रवासी विमानांत केबिनमधील हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते आणि पुन्हा वापरली जाणारी हवा अतिशय सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळण्यांतून जाते. उडत्या विमानापेक्षा धोका अधिक असतो तो रांगेत, विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये आणि खाली उभ्या असलेल्या विमानातील धक्काबुक्कीत. शेजारच्या आसनावरील बाधित व्यक्तीपासून मात्र गाळणी वाचवू शकत नाही. मधले आसन रिकामे ठेवावे की नाही, हा वाद २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर ती आसने भरण्यास मुभा मिळाली आणि तेथील प्रवाशाला अंगभर झगा देण्याची व्यवस्था झाली. ज्येष्ठांनी नीट बसणारा मुखपट्टा घालावा, शक्यतो खिडकीचे आसन घ्यावे आणि विमान उतरल्यावर उठण्याची घाई करू नये.

आणखी एक बाब फारशी कुणी सांगत नाही. उडत्या विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. म्हणजे महाबळेश्वराहूनही वर. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. परंतु जुनाट दमा, फुप्फुसांचा विकार किंवा नुकताच होऊन गेलेला न्यूमोनिया असलेल्यांच्या रक्तातील प्राणवायू तेथे उतरू शकतो. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तिकीट काढूच नये.

पैसे बुडतील म्हणून प्रवास नको

आजारी असतानाही अनेक जण विमानात बसतात, ते तिकिटाचे पैसे जातील या धास्तीने. साथीच्या काळात ही धास्तीच सर्वांत महाग पडते. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, तर पर्यायी उड्डाण की पैशांचा परतावा, ही निवड आपल्या देशात प्रवाशाची असते. टाळेबंदीतील तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. त्यानुसार टाळेबंदीत काढलेल्या, टाळेबंदीतीलच प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करायचे होते. त्याआधी काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करणे कंपनीला शक्य नसेल, तर ती रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत प्रवाशाच्या नावे जमा ठेवायची होती आणि ती दुसऱ्याच्या नावे करण्याचीही सोय होती. प्रवाशाने स्वतःहून तिकीट रद्द केले, तर मात्र तिकिटाच्या अटी लागू होतात. म्हणून ज्येष्ठांसाठी तारीख बदलता येणारे तिकीट थोडे महाग असले तरी घ्यावे.

काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनी तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. तिकिटावर एजंटचा नव्हे, घरातील जागरूक माणसाचा मोबाइल क्रमांक असावा; वेळ बदलल्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो. चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी आणि उड्डाण बदलल्यास ती नव्याने पडताळावी. परताव्यासाठी इंटरनेटवर सापडलेल्या कोणत्याही क्रमांकावर फोन करू नये; तिकिटावर छापलेलाच क्रमांक वापरावा आणि ओटीपी कुणालाही सांगू नये.

नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. तोवर परदेशी असलेल्या लेकरांची आणि इकडच्या आईवडिलांची भेट कितीदा ठरली आणि कितीदा मोडली! मोडलेल्या भेटीचे दुःख खरेच आहे. तरीही, ताप असलेल्या मुलाने ‘आई, मी पुढच्या महिन्यात येतो’ असे सांगणे, ही देखील आईची सेवाच आहे; आणि ‘सावकाश ये’ असे आईने म्हणणे, हे त्याच्यावरचे ओझे उतरवणे आहे. साथ पुन्हा कधी येईल हे कुणाच्या हाती नाही. प्रवास पुढे ढकलण्याचा निर्णय कुणी आणि कशावरून घ्यायचा, हे घरात बसून आजच ठरवून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.