हलगीचा ठेका आणि अडलेलं पाऊल

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत स्वागत कमानींखालून एकेक मंडळ पुढे सरकतं, तेव्हा कडेला नुसते बघायला उभे राहिलेलेही हलत असतात. कुणाची मान डोलते, कुणाचा चपलेतला अंगठा, कुणाच्या कडेवरचं पोर. त्यातल्या निम्म्यांना विचारलं तर 'आपल्याला बाबा नाचता येत नाही' असंच सांगतील.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली अशाच डोलणाऱ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑर्फेक्स या जोडीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची मैफल चालू होती आणि काही श्रोत्यांच्या डोक्याला हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. सभागृहातले खास स्पीकर थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद केले जात होते. त्यांचा आवाज ८ ते ३७ हर्ट्झ, म्हणजे कानाला जेमतेम कळेल न कळेल इतका खालचा. ते चालू असताना लोक सरासरी १२ टक्के जास्त हलले. गंमत म्हणजे, हे स्पीकर कधी चालू आहेत आणि कधी बंद, ते नंतरच्या चाचणीत ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही. ही कंपनं त्वचेतून आणि आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातून मेंदूपर्यंत पोचत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. (डॉल्बीवाल्या मंडळांनी हे कात्रण खिशात ठेवू नये. कानाच्या सुरक्षिततेचा सर्वत्र वापरला जाणारा एक हिशेब असा, की १०० डेसिबलमध्ये दिवसाला १५ मिनिटांच्या वर थांबू नये.)

ठेका ओळखायला शिकवणी लागत नाही, याचा पुरावा आणखी लहान वयातला आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच समेची थाप गाळली. बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींनी ती चूक पकडली. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. मोठ्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली, तर माणूस निपचित पडून ठेका ऐकत असतानाही हालचालींशी संबंधित भाग कामाला लागलेले दिसतात. त्यातला एक बेसल गँग्लिया, मेंदूच्या पोटात खोलवर असलेला पेशींचा पुंजका. आणि ठेक्याबरोबर टिचकी वाजवायला सांगितलं, तर बहुतेकांची टिचकी थापेच्या काही मिलिसेकंद आधीच पडते. मेंदू थापेची वाट बघत बसत नाही, पुढची थाप कधी येणार याचं भाकीत करतो.

हे भाकीत पक्कं करायला आपल्या भागात एक नामी यंत्र पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. लेझीम. लाकडी दांडा, त्याला धनुष्याच्या दोरीसारखी लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. हात उघडला-मिटला की छन् वाजतं. म्हणजे वाद्यही तेच आणि व्यायामाचं साधनही तेच. हाताची हालचाल चुकली तर ती डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते, कारण सगळ्यांचा छन् एकदम पडतो आणि आपला मागे राहतो. चूक दाखवायला शिक्षकाला ओरडावं लागत नाही. शेजारच्याकडे बघत दोन-चार आवर्तनांत नवखा ओळीत बसतो. २६ जानेवारी २०१४ला सांगलीत ७,३३८ जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून गिनीज बुकात नोंद केली. इतकी माणसं एका ठेक्यात आणता येतात ती डाव सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात म्हणून. वाईट एवढंच, की शाळा सुटली की बहुतेकांच्या हातून लेझीमही सुटते.

एकत्र हलण्याने शरीरात नेमकं काय होतं? ऑक्सफर्डच्या वल्हे मारणाऱ्या खेळाडूंवर २०१० साली एक छोटा प्रयोग झाला. यंत्रावर तेवढेच कष्ट एकट्याने घेतले आणि संघाबरोबर तालात घेतले, तर दुसऱ्या वेळी त्यांची वेदना सोसण्याची ताकद बरीच जास्त भरली. पाच वर्षांनी ब्राझीलमधल्या विद्यार्थ्यांना गटागटाने नाचायला लावून हेच तपासलं गेलं. काहींनी उभं राहून दमछाक होईल असं नाचायचं, काहींनी बसून नुसते हात हलवायचे. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळत नेऊन सहनशक्ती मोजली. दमण्याचा फायदा दिसलाच, पण जे बसूनच, मात्र इतरांबरोबर एका तालात हात हलवत होते, त्यांनाही फायदा दिसला. शिवाय सोबतच्या माणसांबद्दल जवळीकही वाढली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन्स यामागे असावीत, असं संशोधकांचं म्हणणं. ती थेट मोजलेली नव्हती, हे ध्यानात ठेवलेलं बरं. मला यातला खुर्चीवाला भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नाचाच्या वर्गात यायला उभं राहता आलंच पाहिजे, ही अट त्याने निघून जाते.

ही अट प्रत्यक्षात काढून टाकली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, २००१ साली. मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तिथल्या पार्किन्सन रुग्णगटाबरोबर वर्ग सुरू केला. आधी खुर्चीत बसून, मग आधाराला धरून, मग जमेल त्याने खोलीभर. त्या वर्गापासून स्फूर्ती घेऊन पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१०च्या सुमारास पार्किन्सनच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातली माणसं त्यात आली. त्यांतल्या बहुतेकांचा तरुणपणी नाचाशी काही संबंध नव्हता.

पार्किन्सन, म्हणजे आपल्याकडचा कंपवात. यात डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि बेसल गँग्लियाचं काम बिघडतं. आपसूक होणाऱ्या हालचाली, म्हणजे चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं, या आपसूक होईनाशा होतात. दारात आल्यावर पाय जमिनीला खिळतो. माणसाला पुढे जायचं असतं, पाऊल उचलत नाही. अशा वेळी जमिनीवर आडवी रेघ दिसली किंवा कुणी 'एक-दोन, एक-दोन' म्हटलं, की तेच पाऊल उचललं जातं. आतला ठेका बंद पडला तरी बाहेरचा चालतो. बाहेरच्या खुणेने निघालेली हालचाल मेंदूतल्या दुसऱ्या, कमी बिघडलेल्या वाटांनी जात असावी, असं यावरचं स्पष्टीकरण आहे. नाचात या खुणा एकदम मिळतात: कानाला ठेका, डोळ्यांना समोरच्याचा हात, आणि शेजारी धरलेला तळवा. टँगो शिकणाऱ्या रुग्णांच्या तोलात सुधारणा दिसल्याचे छोटे अभ्यासही आहेत. रोग मात्र याने बरा होत नाही आणि गोळ्या सोडायच्या नसतात.

नाचाबद्दलचे दावे वाढवून सांगायची आपल्याकडे खोडच आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ४६९ वृद्धांचा अभ्यास २००३ साली आला. त्यात शारीरिक व्यायामांपैकी एकट्या नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. तेव्हापासून 'नाचा आणि स्मृती वाचवा' अशा मथळ्यांचा पूर आहे. पण ज्यांचा मेंदू आतून आधीच थकायला लागला होता, त्यांनीच नाच सोडला असेल, ही शक्यता त्या अभ्यासाने पुरती मिटत नाही. वृद्धांचं पडणं कमी करायला तोलाचे व्यायाम उपयोगी पडतात, हे भक्कम आहे. नुसत्या नाचाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलावं, इतका पुरावा २०१९च्या मोठ्या आढाव्यातही जमला नव्हता. मला त्याने फार फरक पडत नाही. आठवड्यातून दोनदा माणूस घराबाहेर पडून चार लोकांत हलला, हेही कमी नाही.

सर्वांसाठीचा असा वर्ग मिरजेत उभा करायला सामान जवळच आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ काढल्यापासून कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही रुग्ण इथे येतात. १९६२पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. आणि हलगी, घुमकं, कैताळ वाजवणारे आसपासच्या गावांत आहेत. घुमक्याचा खर्ज इथे कामाचा, कारण ठेका धरताना मेंदू वरच्या स्वरांपेक्षा खालच्या स्वरांवर जास्त भिस्त ठेवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. ऐकू कमी येणाऱ्यालाही ती थाप छातीत जाणवते. लेझीम बसून खेळता येते आणि व्हीलचेअरमधूनही.

बदल लागेल तो वाजवणाऱ्याच्या सवयीत. लेझमीचा डाव रंगला की हलगीवाला लय चढवत नेतो, त्यातच त्याची शान असते. पार्किन्सनच्या रुग्णांना ठेक्यावर चालायला शिकवताना आधी माणसाची स्वतःची पावलं मिनिटाला किती पडतात ते मोजतात, ठेका तेवढाच ठेवतात, आणि पाऊल त्यात बसलं की तो पाच-दहा टक्क्यांनी वाढवतात. म्हणजे हलगीवाल्याने काडी उचलायच्या आधी घड्याळ घेऊन वर्गातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या आजींच्या मागून खोलीला एक फेरी मारायची.