घाव पायातून निघतो

आमचा भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि पितळी भांड्यांचा. इथे गोल्फवर कुणी बोलू लागले तर लोक चमकून पाहतील. पण माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, तेव्हापासून भाच्याला या खेळाचे वेड लागले. गेल्या ईदला तो घरी आला तो कंबर धरूनच. म्हणाला, "मामू, चेंडू उजवीकडेच पळतो. जोर लावला की आणखी पळतो. सोडूनच देतो आता."

अंगणात त्याने काठी फिरवून दाखवली. बाजेवर बसलेले माझे अब्बा पाहत होते. त्यांची उमर कुऱ्हाड चालवण्यात गेली. ते म्हणाले, "बेटा, तू हातानं मारतोस. घाव पायातून निघतो."

बेन होगन या अमेरिकन गोल्फपटूनेही १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे, की वर गेलेली काठी खाली आणताना सुरुवात कमरेपासून करावी. उजव्या हाताच्या खेळाडूने आधी भार डाव्या पायावर घ्यायचा, मग कंबर वळते, तिच्यामागे छाती, मग हात आणि शेवटी मनगट. आसुडाची मूठ थांबते तेव्हा टोक सुसाटते, तसा वेग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. खांदे आणि हात आधी धावले, तर काठी बाहेरून आत तिरपी येते आणि चेंडू बहुधा उजवीकडे वळतो. जोर लावावा तितका तो अधिक वळतो.

काठी खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. तेवढ्यात विचार करायला सवड नसते. म्हणून सराव करायचा तो सुरुवातीचा, आणि तोही सावकाश.

एक सोपी परीक्षा आहे. काठी उलटी धरा, जड टोक हातात घ्या आणि झोका द्या. 'सूंऽ' असा आवाज खांद्याजवळ आला, तर जोर वाटेतच सांडला. तो चेंडूच्या जागी किंवा किंचित पुढे यायला हवा. कवितेच्या ओळीतही जोर आधीच खर्चला तर शेवटच्या शब्दाला काही उरत नाही, हे मला चांगलेच ठाऊक आहे.

भाचा परत गेला. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, "मामू, नानांना ऐकवा." मी फोन अब्बांच्या कानाला लावला. पलीकडून काठी फिरली.

अब्बा क्षणभर थांबून म्हणाले, "हां, आता खाली आला."