रंगकामाआधी भांडी बाहेर काढा

मागच्या भागात आपण बँकेच्या कर्जाच्या फॉर्मबद्दल बोललो. आज बोलू या आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल. कॉम्प्युटर म्हणजे शहरातल्यांचं काम, असं आपल्याकडे अजून म्हणतात. पण आज जगभर कॉम्प्युटरचं काम करणारी विप्रो 1945 साली आपल्या अमळनेरातच सुरू झाली, तीही वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. तेव्हा खान्देशच्या बायांनी या डब्याला घाबरायचं कारण नाही.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. बटण दाबून चहा करून यावं, तरी पडदा निळाच. गटातली एक आजी म्हणाली, "हाऊ डबा मरी गया का वं?" आम्ही तो दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, "फॉरमॅट मारू का?" आम्हाला वाटलं, झाडून-पुसून देणार. आम्ही हो म्हटलं. कॉम्प्युटर नव्यासारखा चकाचक होऊन आला, पण आत काहीच नव्हतं. गटांची बचत, कर्ज, हप्ते, सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. एका ताईनं शेळ्यांसाठी घेतलेलं कर्ज पूर्ण फेडलं होतं. तिचं पासबुक पावसात भिजलेलं, आणि आमच्याकडे नोंद नाही. ती म्हणाली, "मी फेडलं हे आता कोण सांगणार?" शेवटी इतिवृत्ताची वही, बँकेचं स्टेटमेंट आणि गटातल्या बायांची आठवण यांच्यावरून हिशोब पुन्हा उभा केला. त्याला दोन महिने लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आजचा विषय.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? ती या घराची कारभारीण. कीबोर्ड, प्रिंटर, फाइली, इंटरनेट, सगळ्यांना कामाला लावते ती. विंडोज ही त्यातली एक. विंडोज 10 ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही. पण चोराला शिरता येईल अशी नवी फट सापडली, तर ती बुजवणारा अपडेट आता आपोआप येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, तिथं हा धोका मोठा.

मग पर्याय काय? पहिला, विंडोज 11. तिला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपला कॉम्प्युटर बसतो का, हे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' सांगतं. दुसरा पर्याय लिनक्स. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं तिची सुरुवात केली. उबुंटू, लिनक्स मिंट ही तिचीच रूपं. ती फुकट आहे आणि चोरीची नाही. मिंट जुन्या कॉम्प्युटरवरही बरी चालते. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनंही 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी चोरीची विंडोज मात्र घेऊ नका. तिच्यासोबत काय शिरेल, सांगता येत नाही.

बदलण्याआधी एक गोष्ट तपासा. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीची चावी, हिशोबाचं सॉफ्टवेअर यांतलं काही फक्त विंडोजवरच चालतं. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना आधी विचारा. प्रिंटरचंही तसंच.

आता मुख्य काम. दिवाळीला घर रंगवायचं तर आपण आधी काय करतो? भांडी बाहेर काढतो. तसंच इथंही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड, फोटो आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, सगळ्याची कॉपी करा. एक नाही, दोन. एक ऑफिसात, दुसरी अध्यक्षांच्या घरी. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडते का, हे डोळ्यांनी बघा. न उघडणारी कॉपी म्हणजे रिकामा डबा.

मराठी फाइलींची खास काळजी घ्या. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र नव्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण तिथं 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. म्हणून अशा फाइली जुन्या कॉम्प्युटरवरच पीडीएफ करून ठेवा आणि फॉन्टची फाइलही सोबत घ्या. यापुढं मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. ते कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर वाचता येतं.

मग किमान 8 जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घ्या. तो पूर्ण पुसला जातो, म्हणून आपल्या डेटाचा पेनड्राइव्ह चुकूनही वापरू नका. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून सिस्टीमची फाइल उतरवा आणि रुफससारख्या साधनानं पेनड्राइव्हवर बसवा. कॉम्प्युटर सुरू करताना एफ 12, एफ 9 किंवा एस्केप दाबलं की कुठून सुरू करायचं ते विचारतो. कोणतं बटण, ते कंपनीप्रमाणे बदलतं. लिनक्समध्ये एक चांगली सोय आहे. काही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच ती चालवून बघता येते. प्रिंटर, इंटरनेट, मराठी टायपिंग, सगळं तपासा. पटलं तरच पुढं जा.

पुढं गेल्यावर एक प्रश्न येतो: सगळी डिस्क पुसायची, की जुन्या सिस्टीमच्या शेजारी नवी बसवायची? इथं हात थांबवा. दोघींनी मिळून वाचा, मगच बटण दाबा. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहतं, म्हणून लॅपटॉप असेल तर चार्ज करून घ्या, नाहीतर इन्व्हर्टरवर लावा. तास-दीड तास मोकळा ठेवा. पासवर्ड एकीच्याच डोक्यात नको. तो लिहून पाकिटात बंद करा आणि पाकीट गटाच्या पेटीत ठेवा.

दुकानात द्यायचा असेल, तरी आपली कॉपी आपणच काढायची. आणि "फॉरमॅट मारू का?" असं कुणी विचारलं, तर आधी म्हणायचं, "थांबा भाऊ, काय-काय जाणार ते सांगा."

त्या शेळ्यावाल्या ताईचं खातं आता तीन ठिकाणी आहे: कॉम्प्युटरमध्ये, पेनड्राइव्हवर आणि तिच्या स्वतःच्या नव्या पासबुकात. तुमच्या गटाचं किती ठिकाणी आहे? येत्या मासिक बैठकीत हा प्रश्न नक्की विचारा.