विसाव्याचे अर्थशास्त्र

माझ्या एका सहकारी प्राध्यापकांच्या पत्नीला गेल्या वर्षी आपल्या आईच्या अंत्यदर्शनास जाता आले नाही. आई वारली ती सोलापूरला. ह्या राहतात पुण्यात. अंतर फार नव्हे. पण सहकारी परीक्षेच्या कामासाठी परगावी होते आणि घरी बावीस वर्षांचा स्वमग्न मुलगा होता. दिनक्रमात किंचित बदल झाला तरी तो व्याकुळ होतो. माणसांनी भरलेल्या शोकाकुल घरी त्याला नेणे अशक्य आणि कोणाकडे ठेवणे त्याहून अशक्य. शेजारधर्म येथे अपुरा पडतो, कारण अशा मुलाला सांभाळण्यास सद्भावनेबरोबर सवयीची व शिक्षणाचीही गरज असते.

ही गरज भागविणाऱ्या सोयीला ‘विसावा केंद्र’ म्हणता येईल. स्वमग्न व्यक्तीने काही तास, क्वचित काही दिवस तेथे राहावे आणि तेवढ्या अवधीत घरच्यांनी श्वास घ्यावा, आजारपण काढावे, लग्नकार्याला जावे, निदान सलग झोपावे. कल्पना साधी आहे. पण अशी केंद्रे बहुधा पालकांनाच काढावी लागतात. ब्रिटनमध्ये १९६२ साली स्वमग्न मुलांच्या पालकांनीच राष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि १९७४ मध्ये सॉमरसेट परगण्यात प्रौढांसाठी निवासी वसाहत उभी राहिली. आपल्याकडे १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या एका मातेने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. डोंबिवलीजवळ खोणी येथील मतिमंद प्रौढांचे ‘घरकुल’ हेही पालकांच्याच संघटनेचे काम.

पालकांनाच हे का करावे लागते? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला याचे उत्तर बाजाराच्या स्वरूपात दिसते. ज्यांना ही सेवा सर्वाधिक हवी, त्यांची ऐपत सर्वांत कमी. कारण अशा घरात बहुधा आईवडिलांपैकी एकाने नोकरी सोडलेली असते. दुसरीकडे सेवेचा खर्च उतरत नाही. एका व्यक्तीमागे जवळजवळ एक माणूस लागतो. शिवाय केंद्राने मुलाला आधीपासून ओळखावे लागते. प्रथम एखादी दुपार, मग एक रात्र, असा परिचय वाढवावा लागतो. कारखान्यात उत्पादन वाढले की दर नगी खर्च घटतो. येथे तसे घडत नाही. म्हणून नफ्यासाठी यात कोणी पडत नाही आणि पालक आपले घर, भविष्यनिर्वाह निधी व उरलेले आयुष्य त्यात घालतात.

या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरव्यवस्थापक स्त्रीशी लग्न केले तर राष्ट्रीय लाभांश घटतो, ही विसंगती पिगू यांनी शतकापूर्वीच दाखविली होती. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरच्यांचे संगोपन-शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे त्यासाठी देतात. स्वमग्न प्रौढाच्या आईचा दिवस या सरासरीत मावणार नाही. यंत्राच्या झिजेसाठी आपण हिशेबात घसारा धरतो. माणसाच्या झिजेसाठी मात्र एक पैही बाजूला काढीत नाही.

कायदा अगदी मुका आहे असे नाही. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेत स्वमग्नता आहे आणि त्याच्या ‘समर्थ’ योजनेने अल्पकालीन विसाव्याचे तत्त्व मान्य केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्याच कलमाच्या आरंभी ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही अट आहे आणि पळवाट तेथेच आहे. इंग्लंडमध्ये अपंग मुलांच्या पालकांना अशा विश्रांतीची सोय उपलब्ध करण्याचे कर्तव्य २०११ च्या नियमांनी स्थानिक प्रशासनावर सोपविले. पालकांच्या पहिल्या प्रयत्नानंतर तेथेही जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

शासनाच्या तिजोरीवर आधीच भार आहे, प्रथम शाळा काढाव्यात, विसावा नंतर पाहू, असा आक्षेप घेतला जाईल. पण शाळा मुलाबरोबर संपते. सांभाळ संपत नाही. आणि थकलेली आई अंथरुणाला खिळली, की शासनापुढे दोघांच्या कायमच्या सांभाळाचा प्रश्न उभा राहतो. तो खर्च काही तासांच्या विसाव्याहून कितीतरी मोठा असणार, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही.

मार्ग आपल्याला अपरिचित नाही. महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालये लोकांनी वर्गण्या काढून स्थापिली. अनुदानित महाविद्यालयांतील मान्य पदांचे वेतन मात्र शासन देते. मी स्वतः त्याच व्यवस्थेवर जगतो. तोच न्याय विसावा केंद्रांना लावावा. जागा, निष्ठा आणि देखरेख पालकांची. प्रशिक्षित सेवकांचे वेतन शासनाचे. असे झाले तरच कुटुंबाने काढलेले केंद्र त्या कुटुंबाच्या पश्चात टिकेल. आज संस्थापक माता-पित्यांचे वय हेच अशा संस्थांचे आयुर्मान ठरते.

‘आमच्या पश्चात मुलाचे काय?’ हा अशा पालकांचा प्रश्न आपण सभांतून वारंवार ऐकतो आणि हळहळतो. माझ्या सहकाऱ्यांच्या पत्नीचा प्रश्न त्याहून लहान होता. त्यांना केवळ दोन दिवस हवे होते.