जुन्या मोटारीचा सायलेन्सर : स्वस्त कोणता, महाग कोणता ?

मध्यम स्थितींतील एकत्र कुटुंबांत मोटार ही नुसतें वाहन राहत नाहीं. ती घरांतील एक वडीलधारी वस्तु होऊन बसते. वडिलांनीं काटकसरीनें घेतलेली गाडी थोरले चिरंजीव चालवूं लागतात, पुढें धाकटे तिच्यावर हात बसवितात, आणि नवी गाडी दारांत आली तरी जुनीला निरोप देण्याचें कोणाच्याच मनांत येत नाहीं. डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आलेली मारुति ८०० जानेवारी २०१४ मध्यें निघावयाची बंद झाली. परंतु महाराष्ट्रांत कित्येक घरांपुढें ती अद्यापि उभी दिसते. अशा गाडीच्या टायरांची, बॅटरीची, ब्रेकची विचारपूस घरांत नियमानें होते. सायलेन्सरची आठवण मात्र तो गर्जूं लागल्यावरच होते. आणि मग "कोठला तरी स्वस्तांतला बसवून टाका" असें सांगून घरचे कर्ते पुरुष मोकळे होतात. या बाबतींत "स्वस्त" या शब्दाचा अर्थ काय करावा, याचा थोडा खोलांत जाऊन विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सायलेन्सर म्हणजे केवळ आवाज दाबणारा डबा, अशी सामान्य समजूत आहे. वास्तविक एंजिनापासून गाडीच्या शेंपटापर्यंत जाणाऱ्या या सबंध नळीचीं कामें तीन आहेत. जळका वायु बसणाऱ्यांपासून दूर, गाडीच्या पाठीमागें नेऊन सोडणें हें पहिलें. आवाज उतरविणें हें दुसरें. आणि ज्या गाड्यांत कॅटलिटिक कन्व्हर्टर आहे, त्यांत वायूंतील विष बऱ्याच अंशीं निवळणें हें तिसरें. आवाज कानाला ऐकूं येतो म्हणून दुसऱ्या कामाकडे लक्ष जातें. पहिलें काम बिघडलें तर तें कोणास ऐकूं येत नाहीं, आणि खरा धोका तेथेंच आहे.

पेट्रोलच्या जळक्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्याला दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें तो थोडा थोडा जरी श्वासावाटे जात राहिला, तरी शरीराला प्राणवायूचा तुटवडा पडूं लागतो. डोकें दुखणें, मळमळणें, सुस्ती येणें हीं त्याचीं पहिलीं चिन्हें होत. मागच्या बाकावर बसलेलें मूल अर्ध्या प्रवासांत मलूल होऊन निजलें, कीं "याला गाडी लागते" असें आपण म्हणतों, आणि बहुधा तें खरेंहि असतें. परंतु हा त्रास विशिष्ट गाडींतच होत असेल, एकदम दोघातिघांना होत असेल, आणि बाहेर मोकळ्या हवेंत येतांच उतरत असेल, तर आलेपाक देण्यापूर्वी गाडीखालील नळी तपासावी हें उत्तम. बंद गॅरेजमध्यें एंजिन चालूं ठेवणें किंवा थांबलेल्या गाडींत एंजिन व वातानुकूलन चालूं ठेवून झोपणें, हें तर सायलेन्सर नवाकोरा असला तरी कटाक्षानें टाळलें पाहिजे.

गंज आंतून चढतो

सायलेन्सर रस्त्यावरील चिखलपाण्यानें कुजतो असें आपणांस वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. पेट्रोल जळतांना पाणी उत्पन्न होतें. एक किलो पेट्रोलापासून सुमारें १.४ किलो पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. लांबच्या प्रवासांत नळी सबंध तापते आणि ही वाफ निघून जाते. परंतु घरापासून मंडईपर्यंत, मंडईपासून शाळेपर्यंत अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत मागचा डबा तापतच नाहीं. वाफेचें पाणी होऊन तें डब्याच्या तळाशीं सांचतें, वायूंतील आम्ल त्यांत उतरतें, आणि पत्रा आंतून खाल्ला जातो. एंजिनाजवळची नळी शाबूत आणि मागला डबा चाळणी झालेला, असें नेहमीं दिसतें तें याच कारणानें. कोंकणांत समुद्राकाठच्या खारट हवेचा मारा बाहेरून होतो तो निराळाच. यावरून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पंधरा दिवसांतून एकदां तरी गाडी वीसपंचवीस किलोमीटर सलग चालवावी. आणि नवा सायलेन्सर घेतांना डब्याच्या तळाशीं पाणी ठिबकून जाण्यापुरतें बारीक छिद्र ठेविलें आहे कीं नाहीं तें पाहावें. हें छिद्र म्हणजे दोष समजून कित्येक जण तें बुजवून टाकतात. तसें करूं नये.

आधीं निदान, मग खरेदी

आवाज आला कीं सगळा संच बदलण्याचा सल्ला देणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पण बहुतेक गाड्यांत ही नळी दोन-तीन तुकड्यांची असते, आणि बिघाड एखाद्याच ठिकाणीं असतो. सकाळीं एंजिन थंड असतां तें चालूं करावें, आणि एकानें मागील तोंडावर जाड ओलें फडकें क्षणभर दाबून धरावें. दुसऱ्यानें बाजूस वाकून ऐकावें. जेथें गळती असेल तेथून फुसफुस असा आवाज येतो. गाडी तपासण्यासाठीं उचलावयाची तर ती गॅरेजमध्यें लिफ्टवर किंवा पक्क्या घोडीवरच घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीहि खालीं शिरूं नये. सांध्यापाशीं काजळी धरलेली दिसली तर बहुधा गॅस्केट गेलेलें असतें, आणि काम थोडक्यांत भागतें. खडखड असा आवाज असेल तर लोंबकळणारें रबर तुटलेलें किंवा उष्णतेचा आडपत्रा सैल झालेला असण्याचा संभव असतो. पेचकसाच्या मुठीनें डब्यावर हलकें ठोकून पाहावें. खणखणीत आवाज आला तर पत्रा धड आहे, बद्द आवाज आला तर आंतून तो गेला आहे.

नळीला एखादेंच भोंक असेल आणि भोंवतालचा पत्रा जाड असेल, तर वेल्डिंग करून घेण्यांत शहाणपणा आहे. पण कुजलेल्या डब्यावर ठिगळ लावणें म्हणजे विरलेल्या धोतराला नवें कापड जोडण्यासारखें आहे. ठिगळाच्या कडेलाच तें पुन्हां फाटतें. वेल्डिंग करावयाचेंच तर नळी गाडीपासून काढूनच करवावें, कारण जवळ पेट्रोलची टाकी असते. आणि गाडीवरच करणें अपरिहार्य झालें तर टाकीचें रक्षण करून व बॅटरीची जोडणी सोडवूनच करूं द्यावें, नाहींतर एंजिनाचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडून सायलेन्सरपेक्षां मोठा खर्च गळ्यांत पडतो.

माल पारखण्याची रीत

बाजारांत माल ढोबळ मानानें चार प्रकारचा मिळतो : गाडीच्या कंपनीचा, दुसऱ्या नांवाजलेल्या कारखान्याचा, नांव-गांव नसलेला लोकल, आणि मोडीच्या गाड्यांतून काढलेला. मुंबईस कुर्ल्याला किंवा पुण्यास नाना पेठेंत फेरी मारली तर हे भेद सहज ध्यानांत येतात. यांपैकीं मोडींतला सायलेन्सर आम्ही कोणासहि सुचविणार नाहीं. दरवाजा किंवा आरसा जुना घेण्यास हरकत नाहीं, कारण त्याचा दोष डोळ्यांस दिसतो. सायलेन्सरचा गंज आंत असतो आणि वरून काळा रंग मारला कीं तो झांकतो.

उरलेल्या तिहींत धातूचा विचार प्रथम करावा. सर्वांत स्वस्त तो साध्या लोखंडी पत्र्याचा. त्यावरचा रंग थोड्याच दिवसांत जळतो आणि गंज सुरू होतो. त्याच्या वरचा म्हणजे पोलादावर ॲल्युमिनियमचा थर दिलेला. मध्यम खर्चांत टिकाऊपणा हवा असेल त्यास हा सर्वांत सोयीचा. मात्र वेल्डिंगच्या जागीं हा थर जळून जातो, म्हणून सांध्यावर उष्णता सोसणारा रंग दिलेला असावा. त्याहून वर स्टेनलेस. त्यांतहि दोन जाती नेहमीं आढळतात : ४०९ या जातींत सुमारें ११ टक्के क्रोमियम असतें, तिच्यावर तांबूस डाग पडतात पण ती लवकर कुजत नाहीं, ३०४ या जातींत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें, ती अधिक टिकते व अधिक महाग पडते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो, त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ३०४ ला चुंबक बहुधा चिकटत नाहीं. ४०९ ला आणि साध्या लोखंडाला मात्र सारखाच चिकटतो. म्हणजे चुंबक चिकटला एवढ्यावरून माल स्टेनलेस नव्हे असें ठरत नाहीं, आणि "४०९ आहे" हें दुकानदाराचें म्हणणेंहि सिद्ध होत नाहीं. तेथें छापील पावती आणि कारखान्याचें नांव यांवरच विसंबावें लागतें.

दुसरी कसोटी वजनाची. जुना डबा व नवा डबा दोन्ही वजन करून पाहावे. गंजलेल्या जुन्यापेक्षांहि नवा हलका भरला, तर पत्रा पातळ आहे किंवा आंतील पडदे कमी केले आहेत असें निश्चित समजावें. डबा हलवून पाहावा, आंत कांहीं खुळखुळतां कामा नये. वांकणांपाशीं नळी चेपलेली नसावी. तेथें वायूची वाट अरुंद होते आणि गाडी जड ओढूं लागते.

कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांच्या मालकांनीं विशेष सावध असावें. १९९५ मध्यें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि २००० सालापासून सबंध देशांत शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. या डब्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातु असतात. "हा निकामी झाला, सरळ पाइप टाकतों, स्वस्तांत होईल" असें कोणी म्हणाला, तर त्या स्वस्ताईचा खरा लाभ कोणास होतो हें वाचकांस सांगणें नको. कन्व्हर्टर काढलेली गाडी पी.यू.सी. तपासणींत अडकते, आणि तिचें विष आपल्याच गल्लींतील मुलांच्या छातींत जातें. कन्व्हर्टर खरोखरच तुंबला असेल, तर तो कां तुंबला हें आधीं शोधावें. प्लग नीट पेटत नसल्यामुळें न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन तो आंतून वितळला असेल, तर नवा बसवूनहि तीच गत होणार. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असें होऊं देऊं नये.

तरुण मंडळींस चार शब्द

घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजीवांस या निमित्तानें मोठ्या तोंडाचा, घुमणारा सायलेन्सर हवासा वाटतो. त्यानें गाडीची शक्ति वाढते असें त्यांस कोणी सांगितलेलें असतें. मारुति ८०० चें एंजिन ७९६ घन सेंटिमीटरांचें. एवढ्या लहान एंजिनाला नळी फार रुंद झाली कीं वायूचा वेग मंदावतो, आणि शहरांत ज्या कमी वेगांत गाडी चालवावयाची तेथेंच तिची ओढ घटण्याचा संभव असतो. वाढतो तो आवाज. कायदाहि येथें स्पष्ट आहे : प्रत्येक मोटारीस आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, आणि ध्वनि व धूर यांच्या मर्यादा मोडणारास २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. त्याहूनहि मोठा कायदा शेजारधर्माचा. भिंतीपलीकडे कोणी आजारी आजोबा नुकते डोळा लागून निजलेले असतात. जुन्या गाडीवर तसला सायलेन्सर म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड.

हिशेब आणि बसवणी

आतां खर्चाचा हिशेब. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एक सायलेन्सर १,५०० रुपयांचा, मजुरी ५०० रुपये, आणि तो दोन वर्षें टिकला. दर वर्षीं १,००० रुपये पडले. दुसरा ३,००० रुपयांचा, मजुरी तीच, आणि तो पांच वर्षें टिकला. दर वर्षीं ७०० रुपये पडले. मग स्वस्त कोणता ? परंतु हाच हिशेब उलटाहि होतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें ती पांच-पांच वर्षांसाठीं नवी करावी लागते. गाडी दीड वर्षांत मोडींत द्यावयाचें ठरलेंच असेल, तर तीवर ३०४ चा संच चढविणें ही उधळपट्टी होय. तेथें साधा पण दणकट डबा पुरे. नोंदणी नुकतीच नवी केली असेल, तर निदान ॲल्युमिनियमच्या थराचा घ्यावा. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वी घरांत बसून एकच प्रश्न सोडवावा : ही गाडी आपण आणखी किती वर्षें ठेवणार ?

उत्तम मालहि वाईट बसवणीनें फुकट जातो. गॅस्केट, रबरें व नटबोल्ट नवेच घ्यावेत. येथें वांचविलेले दोनशें रुपये पुढें दुप्पट होऊन जातात. नळी पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी यांपासून दूर राहिली पाहिजे, आणि रबरांवर थोडी झुलली पाहिजे. ती आंवळून बांधली तर एंजिनाच्या हिसक्यानें पुढचा सांधा तडकतो. मागील तोंड बंपरच्या बाहेर निघालेलें असावें. तें गाडीच्या पोटाखालींच संपलें तर धूर मागल्या फटींतून आंत शिरतो. बसवून झाल्यावर पंधरा मिनिटें एंजिन मोकळ्या जागीं चालूं ठेवून बोल्ट पुन्हां आंवळून घ्यावेत, आणि फडक्याची परीक्षा पुनः एकदां करावी. प्रथम दिवशीं रंग जळल्याचा थोडा वास येतो, त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. तो दोन दिवसांनींहि आला तर गाडी परत न्यावी.

जुनी वस्तु जपून वापरणें हा आपल्या घरांतला चांगला संस्कार आहे. मात्र जपणें आणि कसेंबसें चालवून घेणें यांत अंतर आहे. दर पावसाळ्यापूर्वी आपण छपराचीं कौलें चाळतों, लोणच्याच्या बरण्या उन्हांत ठेवतों. त्याच आठवड्यांत एकदां गाडीखालींहि डोकावून पाहण्याची चाल पाडावी. नळींतील एका भोंकाची किंमत पैशांत मोजतां येते. मागच्या बाकावर गाढ झोंपलेल्या मुलाच्या श्वासाची मोजतां येत नाहीं.